बाटलीवरचं भारदस्त नाव आणि कोपरातला चट्टा

पत्र: डॉक्टर, माझी मुलगी एक वर्ष दहा महिन्यांची आहे. आम्ही लातूरला राहतो, घरात पाणी बोअरचं. दिवाळीनंतर थंडी पडली तसे तिच्या गालांवर आणि कोपरांच्या आतल्या बाजूला कोरडे, लालसर चट्टे उठायला लागले. रात्री झोपेत खाजवते. अंघोळीला आम्ही लहान मुलांचं 'टिअर-फ्री' बॉडी वॉश वापरतो. मागच्या आठवड्यात आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मुलांच्या प्रसाधनांतली घातक रसायनं' अशी एक यादी आली. तिच्यात कोकामिडोप्रोपिल बीटेन आणि डेसिल ग्लुकोसाइड ही दोन नावं होती, 'ॲलर्जी करणारे म्हणून जाहीर झालेले घटक' अशी. आमच्या बाटलीवर पाण्याच्या खालोखाल हीच दोन नावं आहेत! लेबलचा फोटो सोबत जोडला आहे. सासूबाई म्हणतात, बाटल्या फेकून द्या, डाळीचं पीठ आणि साय लावा, आमची मुलं त्यावरच वाढली. यजमान म्हणतात, पाणीच खराब आहे, सॉफ्टनर बसवू. मी तीन दिवस तिला नुसत्या पाण्यानं अंघोळ घालतेय. नेमकं करू काय? बाटली नवीच आहे, टाकून द्यायची का?
— एक आई, लातूर

ताई, आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. ग्रुपवरच्या यादीत लिहिलंय ते खोटं नाही, पण त्यावरून तुमच्या लेकीच्या चट्ट्यांचा जो अर्थ लावला गेलाय तो बरोबर नाही. ते वॉश तिच्या अंगाला लावणं मात्र थांबवाच. बीटेनला किंवा ग्लुकोसाइडला घाबरून नको. फोटोत यादीच्या अगदी शेवटच्या ओळीत 'परफ्यूम' असा एक शब्द आहे, त्याच्यासाठी. बाटली टाकून द्यायचीही गरज नाही. मोठ्यांना हात धुवायला किंवा कंगवे स्वच्छ करायला ती चांगली आहे.

आता ती यादी आली कुठून ते बघू. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटी ही त्वचेच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या डॉक्टरांची संस्था दरवर्षी एका घटकाला 'ॲलर्जन ऑफ द इयर' म्हणून निवडते. २००४ साली कोकामिडोप्रोपिल बीटेनची निवड झाली होती आणि २०१७ साली अल्किल ग्लुकोसाइड या कुटुंबाची. डेसिल ग्लुकोसाइड त्यातलंच. यादी बनवणाऱ्यानं एवढं वाचलं आणि तिथेच थांबला. पण ही निवड म्हणजे 'यंदाचा सगळ्यात घातक घटक' असा शिक्का नसतो. आम्हा डॉक्टरांना ती एक आठवण असते, की बाबांनो, हे तुमच्या नजरेतून निसटतंय, पेशंट तपासताना याचाही विचार करा. २००१ साली हाच मान सोन्याला मिळाला होता. म्हणून कुणी मंगळसूत्र काढून ठेवलं नाही. २००८ साली निकेलला मिळाला. आणि २००७ साली कुणाला? सुगंधी द्रव्यांना. ते तुमच्या ग्रुपवरच्या यादीत नाही, हीच मोठी गंमत आहे, कारण ॲलर्जीच्या तपासण्यांत सुगंधी द्रव्यांची नावं बीटेनपेक्षा कितीतरी जास्त वेळा निघतात.

तरी बीटेनची ॲलर्जी होते हे खरंच, आणि ती का होते हे कळलं की भीती बरीच कमी होते. हा घटक खोबरेल तेलातल्या फॅटी ॲसिडपासून करतात. त्यांची आधी डायमिथिलअमिनोप्रोपिलअमाइन नावाच्या पदार्थाशी रासायनिक क्रिया घडवतात, त्यातून अमिडोअमाइन तयार होतं आणि पुढच्या टप्प्यात त्याचं बीटेन होतं. कच्चा माल नीट शुद्ध केला नाही तर ते डायमिथिलअमिनोप्रोपिलअमाइन आणि अमिडोअमाइन थोडं शिल्लक राहतं. अभ्यासांत दिसलं ते असं, की बीटेनची ॲलर्जी म्हणून जी नोंदली जाते, तिच्यातली बरीचशी या शिल्लक राहिलेल्या अशुद्धींची असते. प्रसाधन घटकांची सुरक्षितता तपासणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळानंही हा घटक सुरक्षित ठरवताना अट घातली आहे, ती तयार उत्पादन ॲलर्जी जागवणार नाही अशा बेतानं बनवण्याची. म्हणजे नाव तेच असलं तरी कारखान्या-कारखान्यात फरक पडू शकतो. 'नारळापासून बनवलेलं' एवढं बाटलीवर छापलं म्हणून तो निर्धोक होत नाही, आणि नाव लांबलचक आहे म्हणून विषारीही होत नाही.

'सौम्य' म्हणजे काय, हे मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथे आहे. मळ आणि तेल पाण्याबरोबर सुटून यावं म्हणून जो घटक घालतात त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. साबण हा सर्फॅक्टंट, शिकेकाई आणि रिठ्याचा फेसही सर्फॅक्टंटचाच, तिथे त्याचं नाव सॅपोनिन. (रिठा डोळ्यात गेल्यावर काय होतं ते ज्यांच्या आजीनं रिठ्यानं न्हाऊ घातलंय त्यांना विचारा. नैसर्गिक असून!) पाण्यात हे रेणू गोळा होऊन त्यांचे सूक्ष्म पुंजके बनतात. पुंजके छोटे असले, सुटे रेणू जास्त असले, की ते त्वचेच्या वरच्या थरात शिरतात आणि मळाबरोबर तिथली स्वतःची चरबीही ओढून काढतात. सोडियम लॉरिल सल्फेट याबाबत इतकं भरवशाचं आहे, की संशोधकांना प्रयोगासाठी मुद्दाम त्वचा चिडवायची असते तेव्हा ते हेच वापरतात. कॅन्सर होतो वगैरे जे फिरतं त्याला आधार नाही, पण त्वचा कोरडी पाडतं हे पक्कं.

कोकामिडोप्रोपिल बीटेन अशा एखाद्या कडक सर्फॅक्टंटबरोबर मिसळलं की दोघांचे मिळून मोठे पुंजके होतात आणि सुटे रेणू कमी राहतात. कडक घटकाला आवरायला ते बाटलीत असतं. ते काढून टाकलं तर उरलेलं मिश्रण लेकीच्या अंगाला जास्त झोंबेल. डेसिल ग्लुकोसाइड मक्यासारख्या पिकातली साखर आणि वनस्पतितेलातला एक अल्कोहोल यांच्यापासून बनतं आणि मुळातच मवाळ आहे. तुमच्या बाटलीत हे दोघेच आहेत, सल्फेट नाही. जोडी चांगली आहे.

'सल्फेट-फ्री' या शब्दांवर भाळू नका. ओलेफिन सल्फोनेट हा सल्फेट नाही, पण सौम्य म्हणण्यासारखाही नाही, आणि तो 'सल्फेट-फ्री' लिहिलेल्या बाटल्यांत सर्रास सापडतो. 'हायपोॲलर्जेनिक' आणि 'डर्मटॉलॉजिकली टेस्टेड' यांनाही फार किंमत देऊ नका. चाचणी झाली एवढं कळतं, चाचणीत काय निघालं ते नाही.

मग लेबल वाचायचं कसं? आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार घटक जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहावे लागतात, पण एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमानं लिहिले तरी चालतात. बहुतेक आया पहिली चार नावं बघतात आणि पुढे कंटाळतात. माझ्याकडे बाटल्यांनी भरलेली पिशवी घेऊन कुणी आलं की मी बाटली उलटी धरते आणि खालून वाचायला सुरुवात करते. सुगंध आणि टिकवणारे घटक तिथेच दडलेले असतात, आणि ॲलर्जीला प्रमाण लागतं ते अगदी थोडं. मिथिलआयसोथायझोलिनोन हे नाव लक्षात ठेवा. युरोपीय संघानं २०१७ पासून ते अंगावर राहणाऱ्या क्रीम, लोशनमध्ये घालायला बंदी केली आणि पुढच्या वर्षी धुऊन टाकायच्या उत्पादनांत दहा लाख भागांत पंधरा भाग अशी मर्यादा घातली. त्याआधी, २०१४ साली, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सहा मुलांची हकिगत छापली होती. तोंडाभोवती आणि ढुंगणावर न हटणारं पुरळ, आणि कारण निघालं ओल्या वाइप्समधला हाच घटक. तुमच्या बाटलीत तो नाही. सोडियम बेन्झोएट आणि सायट्रिक ॲसिड आहे, आणि ती चांगली खूण आहे. बेन्झोएट आम्लधर्मी मिश्रणातच नीट काम करतं, त्यामुळे ते टिकवण्यासाठी घातलंय म्हणजे वॉशचा सामू (आम्ल-अल्क मोजणारा आकडा, पीएच) बहुधा त्वचेला मानवेल असा राखलेला असणार.

सामूचा मुद्दा शाळेत संपला असं वाटतं, पण अंघोळीत तो रोज येतो. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, साडेपाचच्या आसपास. साध्या साबणाच्या वडीचा सामू नऊ-दहा असतो. त्वचा अल्कधर्मी झाली की तिच्यातली काही विकरं (एन्झाइम) जास्त जोमानं काम करतात आणि वरच्या थराच्या पेशी धरून ठेवणारे दुवे सैल पडतात. धडधाकट त्वचा काही वेळात सावरते. दोन वर्षांखालच्या मुलांचा हा वरचा थर मोठ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के पातळ असतो, त्यात चट्टे असतील तर सावरायला वेळ लागतो आणि तोवर दुसऱ्या दिवशीची अंघोळ येते. 'टिअर-फ्री' शब्दाचाही खुलासा करते. त्यात डोळा बधिर करणारं औषध असतं ही अफवा आहे. झोंबू नये म्हणून मोठ्या रेणूंचे मवाळ सर्फॅक्टंट घेतात आणि सामू अश्रूंच्या जवळ, सातच्या आसपास नेतात. म्हणजे डोळ्याला जे आवडतं ते आणि त्वचेला जे हवं ते यांत थोडी ओढाताण असतेच. शाम्पूला टिअर-फ्री असणं सोयीचं, अंगाच्या वॉशला त्याचं फारसं अप्रूप नाही.

यजमानांच्या सॉफ्टनरविषयी. त्यांची शंका अगदी बिनबुडाची नाही. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साध्या साबणाचा त्यांच्याशी संयोग होऊन न विरघळणारा राप तयार होतो. बादलीच्या आतल्या कडेला बोटानं खरवडून बघा, पांढरट, मेणचट काहीतरी नखात येतं ना, तेच. तो अंगावरही बसतो. सर्फॅक्टंटचंही तसंच. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या संशोधकांनी दाखवलं, की जड पाण्यानं धुतल्यावर सोडियम लॉरिल सल्फेट त्वचेवर जास्त शिल्लक राहतं आणि एक्झिमा, म्हणजे कोरडे, खाजरे चट्टे उठणारा त्वचाविकार, असलेल्यांना त्याचा त्रासही जास्त होतो. पण इंग्लंडमध्येच ३३६ मुलांच्या घरी, निम्म्यांकडे लगेच आणि निम्म्यांकडे नंतर, सॉफ्टनर बसवून पाहिलं, आणि २०११ साली छापलेल्या निष्कर्षानुसार नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत एक्झिमात मोजण्याइतका फरक पडला नाही. तेव्हा ते पैसे ठेवून द्या. साबणाची वडी बंद करा, वॉश कमी घ्या, आणि शेवटी दोन तांबे पाणी जास्त ओता.

आता सासूबाई. त्या चुकीचं काही सांगत नाहीयेत, त्यांच्या मुलांना चट्टे नव्हते एवढाच फरक आहे. फुटलेल्या कातडीवर पीठ चोळणं मला दोन कारणांनी नको वाटतं. एक तर ते कण खरखरीत असतात, आणि लहान मुलांच्या मानेच्या वळ्यांत, काखेत अडकून तिथे आंबतात. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जपानमध्ये चेहरा धुण्याचा एक साबण फार खपत असे. त्वचा मऊ राहावी म्हणून त्यात गव्हाचं प्रथिन, बारीक तुकडे केलेलं, घातलं होतं. ते साबण वापरणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना, त्यात बहुतेक बायका, गव्हाची ॲलर्जी जडली. आयुष्यभर पाव, नूडल्स खाल्लेल्या बायका ते खाल्ल्यावर अंगावर पित्त उठून, काही जणी तर बेशुद्ध पडून, दवाखान्यात आल्या. २०११ साली तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला. खाण्याचं प्रथिन तोंडावाटे पोटात गेलं की शरीर त्याला सहसा आपलं मानतं, चिडलेल्या त्वचेतून आत गेलं की शत्रू मानू शकतं. डाळीच्या पिठानं असंच होईल असं मी म्हणत नाही. पण चट्टे असेपर्यंत पीठ, साय, ओट्सची पेस्ट, शेंगदाण्याचं तेल, सगळं ताटात राहू द्या.

सासूबाईंचं खोबरेल मात्र आपल्या कामाचं आहे. फक्त क्रम उलटा करा. आपल्याकडे आधी तेल चोळायचं आणि मग ते काढायला पीठ किंवा साबण लावायचा. या लेकराला अंघोळीनंतर, अंग टिपून जरा ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत तेल किंवा बिनवासाचं जाड मॉइश्चरायझर लावायचं आणि ते अंगावरच राहू द्यायचं. फिलिपाइन्समधल्या एका अभ्यासात सौम्य ते मध्यम एक्झिमा असलेल्या मुलांना व्हर्जिन खोबरेल हे मिनरल ऑइलपेक्षा जास्त गुणकारी ठरलं होतं. हे काम सासूबाईंवरच सोपवा, त्या मन लावून करतील. मोहरीचं तेल मात्र कुणी आणून दिलं तरी नको. त्यानं त्वचा चिडते.

नुसत्या पाण्याचे तीन दिवस वाया गेले नाहीत. रोज वॉश लागतोच असं नाही. धूळ, घाम, लंगोटाची जागा, एवढ्यापुरतं पुरे. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, वॉश शेवटच्या दोन मिनिटांत, आणि तो हातानंच लावायचा. कापड, जाळी, घासणी काही नको. गालांना तर लावूच नका. पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतायची पद्धत घरात असेल तर ती आजपासून बंद. महागडं 'बाथ ऑइल' कुणी सुचवलं तर सांगते, ब्रिटनमध्ये ४८२ मुलांवर झालेल्या चाचणीत, २०१८ साली, अंघोळीच्या पाण्यात घालायच्या अशा द्रावणांचा वेगळा फायदा दिसला नाही.

नवीन वॉश घेताना बिनवासाचा घ्या. 'अनसेंटेड' लिहिलेलं असलं तरी मागची यादी वाचा, कधी कधी वास झाकायला दुसरा वास घातलेला असतो. लॅव्हेंडर किंवा संत्र्याचं तेल हाही सुगंधच. बाटलीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक हवा, परदेशी असेल तर आयात नोंदणीचा. इन्स्टाग्रामवर घरगुती बेबी वॉश विकणाऱ्या ताया मला रोज दिसतात, हेतूबद्दल शंका नाही, पण कच्चं डेसिल ग्लुकोसाइड ड्रममधून येतं तेव्हा ते कडक अल्कधर्मी असतं. सायट्रिक ॲसिड घालून ते खाली आणावं लागतं आणि मोजावं लागतं. मोजतं कोण?

घेतलेला वॉश थेट अंगभर लावू नका. जिथे चट्टा नाही अशी हाताची रुपयाएवढी जागा निवडा, दिवसातून दोनदा पातळ करून लावा, अंघोळीत राहील तेवढाच वेळ ठेवा आणि धुवा. आठवडा-दहा दिवस लाली, खाज नाही आली तर वापरायला हरकत नाही. यात बीटेन असलं तरी चालेल. कोपरांचे चट्टे सगळं बदलूनही महिनाभरात हटले नाहीत, किंवा पापण्या, मान, कानामागं असे नव्या जागी उठले, तरच बीटेनवर संशय घेऊ, आणि तेव्हा पॅच टेस्ट करून, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून ॲलर्जी तपासून, नक्की काय ते कळेल.

तुमच्या वर्णनावरून हा बालवयातला एक्झिमा वाटतो, आणि तो बाटलीमुळे झालेला नसतो. त्वचेचं कुंपण जन्मतःच थोडं विरळ असतं, थंडी त्यात भर घालते. घरात कुणाला दमा, सर्दीची ॲलर्जी आहे का ते पत्रात नाही, डॉक्टरांना जरूर सांगा. त्वचारोगतज्ज्ञांकडे एकदा दाखवाच, फोटोवरून मी औषध लिहिणार नाही. तोवर मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' आणू नका. त्या मिश्र मलमांत बहुतेक वेळा जोरकस स्टेरॉइड असतं. अशी बरीच मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मागितली की मिळतात. दोन दिवसांत चट्टा जातो, आठव्या दिवशी दुप्पट होऊन येतो, आणि गालाची कातडी पातळ होते ती वेगळीच. लेकीची नखं कापून ठेवा. चट्ट्यावर मधाच्या रंगाची खपली धरली, पाणी भरलेले फोड आले किंवा अंगात ताप असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.